शेऱ्यातला 'खट्याळ': तक्रार की कौतुक?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा दुसरीत, मराठी माध्यमाच्या शाळेत. प्रगतिपुस्तकात बाईंनी शेरा दिलाय, 'हुशार आहे, पण खट्याळ आहे.' तुमचं माहेर हिंदी बोलणारं, त्यामुळे शब्द ओळखीचा नाही. कोश उघडला तर 'खोडकर, वात्रट, द्वाड, व्रात्य' अशी रांगच समोर आली आणि घोळ वाढला. यजमान म्हणतात, ही तक्रार आहे, शाळेत जाऊन भेटून ये. सासूबाई शेरा वाचून नुसत्या हसल्या. यांत कुणाचं खरं, आणि या सगळ्या शब्दांत फरक काय, हे तुम्हाला हवंय.

सासूबाईंचं खरं. बाईंना तुमचा मुलगा आवडतो. त्यांनी हाताशी असलेल्या दहा-बारा शब्दांतून नेमका तो शब्द उचलला, जो हसल्याशिवाय लिहिता येत नाही. का, ते सविस्तर सांगते, कारण गेली सव्वीस वर्षं मी मुलांच्या पुस्तकांचं संपादन करतेय आणि अमराठी मोठ्या माणसांना मराठी शिकवतेय, आणि दोन्हीकडे मला सर्वांत जास्त वेळ बसवून ठेवणारे शब्द हेच आहेत. कोशांचा दोष नाही. महाराष्ट्र शब्दकोशाचे १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात खंड माझ्या टेबलाला लागूनच असतात. पण शब्दाचा अर्थ कोशात सापडला तरी कोणी, कुणाला, कोणत्या सुरात म्हटलं हे घरात राहूनच कळतं. आणि या शब्दांचा जीव त्या सुरातच आहे.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. आजोबा दुपारी पडून उठलेत. उशाशी ठेवलेला चष्मा जागेवर नाही. ते चाचपडतायत, उशी उचलून बघतायत. नातू समोर पेपर घेऊन बसलाय आणि अगदी गरीब चेहरा करून म्हणतोय, 'आजोबा, माझं राशिभविष्य वाचून दाखवा ना.' चष्मा त्याच्याच खिशात आहे. तो आजोबांच्या हातांकडे बघत नाही, तोंडाकडे बघतोय. ओठ घट्ट मिटलेत, पण हसू गालांत मावत नाहीये. एक-दोन मिनिटांत तो स्वतःच खिसा दाबून धरणार आणि पकडला जाणार.

हा खट्याळपणा. यात त्याने ठरवून काहीतरी केलंय, पण ते क्षणात निस्तरता येणारं आहे. चष्मा खिशातून काढला की झालं. आणि त्याला पकडलं जायचंच आहे. हे तिसरं सर्वांत महत्त्वाचं. बघणारं कोणी नसेल तर खट्याळपणाला अर्थच उरत नाही. म्हणून मराठीत खट्याळ हे विशेषण माणसाइतकंच हसू, नजर, डोळे यांना लागतं. 'खट्याळ डोळे' आपण सहज म्हणतो. 'व्रात्य डोळे' कोणी म्हणत नाही, 'खोडकर कान' तर नाहीच नाही.

आता तोच चष्मा घेऊन बाकीचे शब्द बघा. मुलगा धाकट्या बहिणीच्या नाकावरचा चष्मा ओढून पळाला, ती रडत आईकडे गेली: त्याने तिची खोडी काढली. तोच मुलगा घरभर पळताना कॉटवर धाडकन आदळला आणि खाली ठेवलेल्या चष्म्याची काडी मोडली: तो अवखळ आहे, किंवा तुमच्या सासूबाई जरा वैतागलेल्या असतील तर 'धसमुसळा'. पाहुणे बसलेले असताना तो म्हणाला, 'आजोबांना चष्मा लावूनही काही दिसत नाही, काल त्यांनी मांजरालाच माझं नाव घेऊन हाक मारली': हा वात्रटपणा, आणि आजोबा तिथेच बसले असतील तर आगाऊपणा. दहा वेळा बजावूनही चष्मा पुन्हा पुन्हा पळवतो, आणि रागावलं तर उलट नाक उडवतो: मग व्रात्य. आणि एखाद्या मोठ्या माणसाने, आजोबांना बँकेत सही करता येऊ नये म्हणून मुद्दाम चष्मा दडवला, तर त्याला खोडकर म्हणायचं नाही. तो खोडसाळपणा.

या शेवटच्या जोडीपाशी जरा थांबते, कारण सर्वांत महागात पडणारी चूक इथे होते. खोडकर आणि खोडसाळ दोन्ही 'खोडी'तून आलेले, दिसायला सख्खे भाऊ. पण खोडकराच्या मनात गंमत असते आणि खोडसाळाच्या मनात वाईट. वर्तमानपत्र उघडा: 'खोडसाळ प्रचार', 'हे वृत्त खोडसाळपणाचे', 'बॉम्बची अफवा हा खोडसाळपणा असल्याचे उघड'. तिथे कधीही 'खोडकर प्रचार' दिसणार नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक अनुवादित गोष्ट आली. आजी नातवाच्या केसांतून हात फिरवते आणि म्हणते, 'किती खोडसाळ आहेस रे तू!' अनुवादकाने कोशातला समानार्थी शब्द घेतला होता, कोशाप्रमाणे काही चुकलं नव्हतं. पण त्या एका शब्दाने आजी नातवावर हेतूचा आरोप करत होती. मी तिथे 'लबाड' केलं. 'किती लबाड आहेस रे!' आजी परत आजी झाली.

आता तुम्ही म्हणाल, लबाड म्हणजे तर फसवणारा. बरोबर. दुकानदाराला लबाड म्हटलं तर भांडण होईल. नातवाला म्हटलं तर तो कुशीत शिरतो. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीशी येऊन थांबतं: हे शब्द मुलाच्या वागण्याचं जेवढं वर्णन करतात त्याहून जास्त बोलणाऱ्याचा त्या मुलावर किती हक्क आहे ते सांगतात. लबाड, चोर, गुलाम, द्वाड हे सगळे मुळातले वाईट शब्द. मराठी घरात आई दोन वर्षांच्या मुलाला 'चोरा!' म्हणते, आजोबा 'गुलाम कुठला!' म्हणतात. कोकणातली आजी 'मेल्या' म्हणत जेवायला वाढते. परक्याने यातला एक जरी शब्द वापरला तरी घरातलं वातावरण बदलतं.

हे 'कुठला' नीट लक्षात ठेवा, कारण मराठी रागवण्यातली सगळी माया त्याच्यात आहे. 'लबाड कुठला!', 'वात्रट कुठली!', 'खट्याळ कुठला!' इथे 'कुठला' हा प्रश्न नाही, मूल कोणत्या गावचं हे कोणी विचारत नाही. विशेषणाला 'कुठला' जोडला की त्यातलं विष उतरतं. 'तू लबाड आहेस' हा आरोप आहे, 'लबाड कुठला!' हा लाड आहे. माझ्या वर्गात मी अमराठी सुनांना आणि जावयांना हे पहिल्या महिन्यातच शिकवते, कारण पुस्तकात हे कुठेच नसतं आणि घरात दिवसाला दहा वेळा ऐकू येतं.

याच्याच शेजारची आणखी एक गोष्ट. लबाडा, द्वाडा, चोरा अशी हाक मारता येते. 'अरे द्वाडा, थांब जरा!' पण 'खोडकरा, इकडे ये' असं कोणी म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. 'खट्याळा' कानावर आलंच तर गाण्यात. कारण खोडकर आणि खट्याळ हे मुलाविषयी दुसऱ्या कुणाला तरी सांगायचे शब्द आहेत. शेजारणीला, मामाला, पाहुण्यांना, आणि हो, शेऱ्यातून पालकांना. मुलाच्या तोंडावर घालायचे शब्द वेगळे. मुलांच्या गोष्टींचे संवाद तपासताना मी पहिल्यांदा हेच बघते: पात्र मुलाशी बोलतंय की मुलाविषयी? निम्म्या चुका तिथेच सापडतात.

खोडीचं व्याकरणही एकदा बघून घेऊ. खोडी एकवचनात आली की ती 'काढायची' असते आणि कुणाची तरी काढायची असते: 'त्याने माझी खोडी काढली.' अनेकवचनात आली की ती 'करायची' असते आणि समोर कोणी असावंच लागत नाही: 'दिवसभर खोड्या करतो.' म्हणजे एकवचनात भांडणाची सुरुवात आहे, अनेकवचनात नुसता उद्योग. 'कळ काढणे'चा अर्थ खोडी काढण्याजवळचाच, पण 'कळ सोसणे' हे वेदनेचं, तिथे गल्लत नको. 'कुरापत' मात्र मुलांसाठी जरा जड शब्द आहे. ती सीमेवर शत्रूराष्ट्र काढतं, किंवा भांडणच हवं असलेला शेजारी काढतो. आणि 'खोड' म्हणजे वाईट सवय, जी जित्याची मेल्याशिवाय जात नाही असं म्हणतात. नखं खाण्याची खोड असते, नखं खाण्याची खोडी नसते.

खट्याळ शब्दाचा पूर्वज 'खट' आहे, आणि तो काही प्रेमळ नव्हता. जुन्या मराठीत खट म्हणजे दुष्ट, लुच्चा. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात समर्थ रामदास जशास तसं वागण्याचा सल्ला देताना धटासमोर धट आणि 'खटनटासी खटनट' उभा करायला सांगतात. हा खटनट तुमच्या हिंदीतल्या 'नटखट'शेजारी ठेवून बघा, त्याच दोन अक्षरजोड्या, क्रम उलटा. समर्थांचा खटनट बिलंदर, त्याच्यापासून सांभाळून राहायचं. हिंदीतला नटखट कृष्ण, त्याला लोणी भरवायचं. खट्याळची घडण मला रसाळ, मधाळ, केसाळ, डोंगराळ या शब्दांसारखी दिसते: रसाने भरलेला तो रसाळ, खटपणाने भरलेला तो खट्याळ. पण मुलांना लावता लावता त्यातला दुष्टपणा झिजला आणि खेळ उरला. जुना अर्थ अजून पूर्ण मेलेला नाही. सासूला खट्याळ म्हणणारं एका मराठी चित्रपटाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथे तो शब्द गालातल्या हसण्याचा नाही, छळण्याचा आहे. म्हणून मोठ्या, अधिकार असलेल्या माणसाला खट्याळ म्हणताना जपून.

व्रात्य शब्दाचा प्रवास तर याहून लांबचा, आणि मला फार आवडणारा. वैदिक काळात व्रात्य हा एक समूहच होता, यज्ञसंस्थेच्या चौकटीबाहेर राहणाऱ्या लोकांचा. अथर्ववेदाचं पंधरावं कांड व्रात्यकांड म्हणूनच ओळखलं जातं आणि त्यात व्रात्याची निंदा नाही, गौरव आहे. पुढे धर्मशास्त्रात अर्थ आखडला. मनुस्मृतीत मुंज होण्याची शेवटची वयं दिलीत, ब्राह्मणाला १६, क्षत्रियाला २२, वैश्याला २४. ती उलटून गेली आणि संस्कार झाला नाही तर तो व्रात्य. त्याला परत आत घ्यायला व्रात्यस्तोम नावाचा विधी होता. म्हणजे व्रात्य म्हणजे ज्याच्यावर संस्कार झालेला नाही असा. मराठीने तो शब्द उचलला आणि गल्लीत क्रिकेट खेळून काचा फोडणाऱ्या पोराला लावला. पण मूळचा वास अजून आहे. 'व्रात्य कार्टं' म्हणताना बोलणारा नुसतं मुलाविषयी बोलत नाही, 'याला कोणी वळण लावलेलं नाही' असंही म्हणतो. बोट नकळत आईबापांकडे जातं. तुमच्या बाईंनी शेऱ्यात 'व्रात्य' लिहिलं असतं तर तुमच्या यजमानांबरोबर मीही म्हटलं असतं, शाळेत जाऊन भेटा.

वाईट शब्द मुलांपाशी येऊन मऊ होतो, हे सगळीकडेच दिसतं. तुमच्या हिंदीतला 'शरारत' अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ दुष्टपणा. 'शैतान' तर सरळ सैतानच, आणि हिंदी आया तो लाडाने म्हणतात. 'बदमाश' म्हणजे ज्याची उपजीविका वाईट मार्गाची तो. इंग्रजीतला 'नॉटी'सुद्धा आधी ज्याच्याजवळ काही नाही असा कंगाल, मग पापी, आणि फार उशिरा खोडकर मूल. असं का होतं याचं मला पटलेलं उत्तर आपल्या घरांतच आहे. मुलाचं उघड कौतुक केलं तर दृष्ट लागते, ही समजूत. गालाला काजळाचं बोट लावायचं, आणि कौतुक करायचंच तर शिवीच्या आडून करायचं. 'गोड आहे' म्हणायला जीभ धजत नाही, 'लबाड आहे मेला' म्हणायला धजते.

इथेच गवळणीचा उल्लेख करायला हवा, कारण खट्याळपणाची सर्वांत मोठी शाळा आपल्याकडे तीच. एकनाथ महाराजांच्या गौळणी असोत की तमाशात गणानंतर येणारी गवळण, कथा तीच: कृष्ण वाट अडवतो, माठ फोडतो, दही-लोणी पळवतो, आणि गोपी यशोदेकडे गाऱ्हाणं घेऊन जातात. पण त्या गाऱ्हाण्यातली एक तरी गोपी 'याला बांधून घाल' असं खरोखर मनातून म्हणते का? ती तक्रारीच्या निमित्ताने त्याच्याविषयी बोलून घेते. काल काय केलं, परवा काय केलं, कसा हसला, कसा पळाला. शब्द तक्रारीचे, सूर कौतुकाचा. मराठी कानाला ही जोडी शेकडो वर्षं ऐकून सवयीची झालीय. त्यामुळे 'तुमचा मुलगा फार खट्याळ आहे हो' असं कोणी म्हटलं की मराठी आई 'हो ना' म्हणून हसते, माफी मागत नाही. हिंदी घरातून आलेल्या तुम्हाला हे ओळखीचं वाटायला हरकत नाही, सूरदासांची यशोदा हेच गाऱ्हाणं ऐकत बसलेली आहे.

अवखळविषयी थोडं अजून, कारण खट्याळशी त्याची सर्वांत जास्त अदलाबदल होते. अवखळपणात हेतू नसतो, जोर असतो. झरा अवखळ असतो, वासरू अवखळ असतं, नुकतं चालायला लागलेलं मूल अवखळ असतं. वारा दोन्ही असू शकतो, आणि फरक तिथे स्वच्छ कळतो. अवखळ वारा नुसताच वाहतो, दारं आपटतो, वाळत घातलेले कपडे उडवतो. खट्याळ वारा मात्र नेमकी तुमचीच बट तोंडावर आणतो, ती सारली की परत आणतो. दुसऱ्या वाऱ्याला कवीने मन दिलंय. लेखनात खट्याळ वापरताना त्या गोष्टीला मन द्यायचंय का, हे आधी ठरवावं. नसेल द्यायचं तर अवखळ पुरतो.

मोठ्या माणसांसाठी काय म्हणायचं, हेही तुम्ही विचारलंय. मोठ्या माणसातला खट्याळपणा म्हणजे बहुतेक वेळा मिश्कीलपणा. मूल चष्मा लपवतं. आजोबा चष्म्यावरून बघत, चेहरा सरळ ठेवून असं एक वाक्य टाकतात की समोरच्याला घरी गेल्यावर हसू येतं. मिश्कील माणूस हातांनी काही करत नाही, डोळ्यांनी आणि शब्दांनी करतो. हा शब्द पूर्ण आदराने वापरता येतो, 'सर फार मिश्कील आहेत' असं निरोपसमारंभातही म्हणता येतं. लिहिताना लोक मिष्कील, मिस्किल असंही लिहितात. मी मिश्कील लिहिते.

'चावट' मात्र सांभाळून. जुन्या मराठीत चावट म्हणजे बडबड्या, वाचाळ. आज तो शब्द जवळजवळ पूर्णपणे शृंगाराच्या बाजूला सरकलाय. चावट विनोद म्हणजे बायका-पोरांसमोर न सांगण्याचा विनोद. काही जुन्या घरांत आजही 'चावटपणा बंद कर' हे लहान मुलाला 'उलट उत्तरं देऊ नकोस' अशा अर्थाने म्हणतात, तिथे जुना वाचाळपणा शिल्लक आहे. पण नवख्याने तिकडे जाऊ नये. माझ्या वर्गात एक गृहस्थ होते, बदली होऊन महाराष्ट्रात आलेले, मराठी मनापासून शिकणारे. ऑफिसात सहकारी एकमेकांना 'चावट कुठला!' म्हणत हसतात हे त्यांनी ऐकलेलं. वरिष्ठ बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी उभं राहून प्रेमाने मराठीत भाषण केलं आणि म्हणाले, 'आमच्या मॅडम फार चावट आहेत.' त्यांना मिश्कील म्हणायचं होतं. सभागृहात शांतता पसरली. पुढच्या आठवड्यात ते वर्गात येऊन मला विचारत होते की माझं नेमकं काय चुकलं, आणि त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. त्या दिवसापासून मी मिश्कील आणि चावट एकाच तासाला, शेजारी शेजारी ठेवून शिकवते. उच्चारही तेव्हाच करून घेते: चावटमधला च हा चटणीतला च, चहातला नव्हे.

वात्रट या दोघांच्या मधे कुठेतरी उभा आहे. वात्रटपणा तोंडाचा असतो. जे बोलू नये ते, जिथे बोलू नये तिथे, पण बरंचसं खरं. म्हणूनच मराठीत सामाजिक-राजकीय चिमटे काढणाऱ्या छोट्या कवितेला वात्रटिका हे नाव शोभलं. मंगेश पाडगावकर आणि रामदास फुटाणे यांनी ती घराघरांत नेली. तिला 'खट्याळिका' म्हटलं असतं तर चाललं नसतं, कारण खट्याळपणात चिमटा असला तरी बोचरं सत्य नसतं. तुमचा मुलगा पाहुण्यांसमोर घरातली गोष्ट सांगून टाकतो तेव्हा तो वात्रट, आणि पाहुणे गेल्यावर तुम्ही दोघं आतल्या खोलीत पोट धरून हसता.

हिंदीतून येताना आणखी दोन खड्डे आहेत. पहिला 'मस्ती'. हिंदीत 'चलो मस्ती करते हैं' म्हणजे मजा. मराठीत मुलांची मस्ती म्हणजे दंगा, ते ठीक. पण मोठ्या माणसाला 'मस्ती आलीय का?' विचारणं म्हणजे भांडणाचं आमंत्रण, तिथे मस्ती म्हणजे माज, आणि ती 'जिरवायची' असते. मस्तीखोर मात्र मुलांसाठी बिनधास्त वापरा. दुसरा खड्डा 'चेष्टा'. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. तुम्ही बाईंना चिठ्ठी लिहिताना हिंदीच्या सवयीने 'आम्ही त्याला शिस्त लावण्याची चेष्टा करू' असं लिहिलंत तर अर्थ पार उलटा होईल.

गावाकडे गेलात तर आणखी वेगळे शब्द कानावर पडतील. पश्चिम महाराष्ट्रात 'लई वांड पोरगं हाय' असं म्हणतात. वांड म्हणजे आवरता न येणारं, आणि म्हणणाऱ्याच्या आवाजात थोडा अभिमानही असतो, पोरगं अंगाने दणकट असल्याचा. तिथलाच 'चाबरा' हा तोंडाळ, आगाऊ बोलणारा. हे शब्द लिहिताना पुस्तकी करू नका, 'चि. वांड आहे' असं शेऱ्यात शोभणार नाही, पण मामाच्या तोंडी ते फार शोभून दिसतं.

आता परत तुमच्या शेऱ्याकडे. शाळेच्या शेऱ्यांची स्वतःची एक भाषा असते. तक्रार करायची असेल तर शिक्षक सहसा विशेषण वापरत नाहीत, क्रियापद वापरतात: 'वर्गात बोलतो', 'गृहपाठ अपूर्ण ठेवतो', 'शिस्तीकडे लक्ष द्यावे', 'पालकांनी भेटावे'. २०१०पासून राज्यातल्या शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यावर वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात, आणि चाळीस-पन्नास मुलांच्या नोंदी लिहिताना बहुतेक वाक्यं ठरलेली होऊन जातात. त्यांत 'खट्याळ' हा शब्द ठरलेल्यांतला नाही. तो लिहिताना बाईंच्या डोळ्यांसमोर तुमचाच मुलगा होता. बहुधा खडू लपवून अगदी साळसूद चेहऱ्याने पहिल्या बाकावर बसलेला.

राहिला तो 'पण'. 'हुशार आहे, पण खट्याळ आहे' यातल्या 'पण'ने यजमानांना तक्रार दिसली असणार. मराठीत हा 'पण' नेहमीच वजाबाकी करत नाही. 'आंबा छोटा आहे, पण गोड आहे' यात तो बेरीज करतो. बाईंना वजाबाकी करायची असती तर त्यांनी 'खट्याळपणा कमी केल्यास प्रगती होईल' असं पुढचं वाक्य जोडलं असतं. ते नाही, म्हणजे खट्याळपणा कमी व्हावा असं त्यांनाही फारसं वाटत नाहीये. तुमच्या मनात तरी शंका असेलच, तर शाळा सुटताना बाईंना सहज विचारा, 'काय खोड्या करतो हो?' 'काय त्रास देतो?' असं विचारू नका. तसं विचारलंत तर त्यांना उत्तरही त्रासाचंच द्यावं लागेल. खोड्या विचारल्यात तर त्या सांगायला लागतील, आणि सांगताना त्यांचा चेहरा बघा.

प्रगतिपुस्तकात सहीच्या वर पालकांच्या अभिप्रायासाठी एक ओळ सोडलेली असते. तिथे 'घरीही तसाच आहे' एवढंच लिहा आणि सही करून परत पाठवा. बाईंना तुमचं मराठी कळेल.